खरवड

३ फेब्रुवारी १९५९

ठके,

हे तू आईच्या सांगण्यावरून विचारतेस की तुझ्या मनानं, ते पत्रावरून नीट कळलं नाही. पण उत्तर दोघींना एकच. मी या सुट्टीतही घरी येणार नाही आणि त्या बँकेतल्या मुलाला बघणार नाही. आईला सांग, तोच मला बघून पळ काढेल. माझ्या हातांना सध्या असा वास येतो की खानावळीत माझ्या बाकावर कुणी बसत नाही. अख्खं बाक माझं. त्यामुळे वाचन भरपूर होतं.

इथं काय चाललंय ते सोपं करून सांगते. प्रयोग फसला की काचेच्या भांड्याच्या बुडाशी चिकट राळ उरते. सगळे ती खरवडून फेकून देतात. आमचे सर तिला सरळ घाण म्हणतात. मी ती फेकली नाही. तिचं वजन केलं, ती ताणून बघितली, तापवून बघितली. ठके, ती घाण नाही. लहान लहान रेणू एकमेकांचे हात धरून उभे राहतात, हजारांनी, आणि एकदा धरलेला हात सोडत नाहीत. म्हणून ती ताणली जाते आणि तुटत नाही. सर म्हणाले, "लोक इथं रत्नं शोधायला येतात, तू खरकटं घेऊन बसलीस." चार दिवसांनी तेच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, पुन्हा एकदा ताणून दाखव बघू.

अण्णा गेल्यावर तू शाळा सोडून शिवणाच्या मशीनवर बसलीस, म्हणून मी इथं राळ ताणत बसू शकते. हे मी विसरलेले नाही. माझं झालं की तुला परत शाळेत घालते. वर्गात सगळ्यात थोराड तू असशील, पण तुला कोण हसेल त्याची मी खबर घेईन.

ताई


२० ऑगस्ट १९६४

ठके,

हंडा चालला!

रिॲक्टर म्हणायचं असतं, पण इथं कारखान्यात सगळे हंडाच म्हणतात. दोन मजले उंच, पोलादी, आतून आरशासारखा गुळगुळीत. एक गोडसर वासाचा वायू दाबाखाली पाण्यात सोडायचा, ढवळायचा, तापवायचा, की त्याच्या थेंबांची पांढरी पूड होते. त्या पुडीपासून नळ, पिशव्या, तारांवरची आवरणं, काय वाट्टेल ते बनतं. प्रयोगशाळेत मी हे शंभरदा केलं होतं. हंड्यात मात्र तीन महिने नुसता गोळा व्हायचा, जात्याच्या तळीसारखा. पहारीनं फोडून काढावा लागे. मॅनेजर मला रोज विचारायचे, "मग, बाई?" आणि मी रोज पुन्हा पहार मागवायची.

शेवटी तिढा सोडवला तो फिटरनं. त्याला इथं सगळे मिस्त्री म्हणतात. एक दिवस पुसायचं फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "ताई, औषधं तुमची बरोबर असतील. तुमची रवी चुकतेय." घुसळायची पाती त्यानं स्वतः वर्कशॉपमध्ये तापवून वाकवली, तीनदा. चौथ्या खेपेला हंडा उघडला तर आत मैद्यासारखी पूड. मी मूठभर घेतली आणि सगळ्यांदेखत रडले. कारखान्यात पहिली बाई आली ती रडली, असं आता वर्षभर ऐकावं लागणार.

निबंध छापायला गेला. त्यात मिस्त्रींचं नाव घालावं असं माझ्या मनात होतं. मॅनेजर म्हणाले, अशा ठिकाणी फिटरची नावं घालत नाहीत. मला तेव्हा पटलं. निबंध गेल्यावर वाईट वाटलं.

आता मुद्द्याचं. हा माणूस तुझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, कमी बोलतो, बेसूर शीळ घालतो आणि हात असे आहेत की घड्याळही दुरुस्त करील. मी त्याला तुझा फोटो दाखवलाय. त्यानं तो उलटा धरला होता, इतका गोंधळला. शाळेचं मी म्हटलं होतं ते माझ्या लक्षात आहे, पण आता तेवीस वर्षांची तू त्या बाकावर कशी बसणार? हे त्याहून चांगलं आहे. ऐक माझं.

ताई


११ जानेवारी १९७१

ठके,

पदकाबद्दल तू आणि मिस्त्रींनी लिहिलंत, बरं वाटलं. पदक गळ्यात घातलं की मान खाली जाते इतकं जड आहे, त्यामुळे फोटोत मी फार विनयशील दिसते. त्या पद्धतीला आता पाठ्यपुस्तकांत माझं नाव लावतात. इथं मुख्य कचेरीत मला वेगळी प्रयोगशाळा दिलीय. हाताखाली अकरा जणं. हंड्याजवळ जाऊन मात्र पाच वर्षं झाली.

मिस्त्रींच्या बोटांचं लिहिलंस. थंडीत पांढरी पडतात, सदऱ्याची बटणं लागत नाहीत, नखं चपटी झालीत. कारखान्याच्या डॉक्टरांना दाखव. मला वाटतं, कामानंच होत असेल. एक पाळी संपली की हंड्याच्या आतल्या भिंतीला साय धरते, तिची खरवड काढायला शिडीनं आत उतरून पटाशीनं तासावं लागतं. दिवसभर पटाशी मारल्यावर बोटं कुरकुरणारच. माझ्या पद्धतीत एवढी एकच खोट राहिलीय. सगळ्यांच्याच हंड्यांत राहिलीय म्हणा. तिच्यावर काहीतरी करायचं आहे, पण कचेरी सध्या पूड वाढवायच्या मागे आहे, त्यामुळे ते मागे पडतं.

आतून वर आल्यावर माणसं हसत सुटतात, मिस्त्री म्हणतात फुकटात चढते, हे वाचून मलाही हसू आलं. तो त्या वायूचा गुण. मोकळ्या हवेत उतरतो.

त्यांना लोकरीचे हातमोजे विणून दे.

ताई


२ मे १९७२

ठके,

घाईत लिहितेय. मिस्त्रींची बदली दुरुस्तीखात्यात करायला मी मॅनेजरांना सांगितलंय. सोमवारपासून. हंड्यात उतरणं बंद. चाळिशीनंतर शिडीची कामं करू नयेत, एवढंच कारण. जास्त विचारू नकोस, आणि शेजारीपाजारी बोलू नकोस. माझ्या शब्दावर बदली झालीय म्हटलं की लोक नावं ठेवतील.

बोटं कशी आहेत? भूक लागते का नीट?

ताई


१९ सप्टेंबर १९७२

ठके,

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. दोन महिने दुरुस्तीखात्यात काढून मिस्त्री आपणहून परत हंड्यावर गेले? आणि तू गप्प बसलीस? मी इथं चार माणसांपुढे शब्द टाकून बदली करून घेतली, आणि तिकडे यांचा मानच आडवा आला.

तू विचारलंस तर म्हणे "ताईंना नाही कळायचं" एवढंच बोलले आणि शीळ घालत निघून गेले. त्यांना सांग, ताईंना सगळं कळतं. कळतं म्हणूनच सांगितलं होतं. इथं काही कागद आले आहेत. त्यात नक्की असं काहीच नाही, उंदरांवरून माणसांचं काही ठरवता येत नाही, पण तरी. जाऊ दे. तो तुझा विषय नाही. तू फक्त त्यांना तिथून बाहेर काढ. भांड, रुस, माहेरी जाते म्हण.

मी पुढच्या आठवड्यात परदेशी परिषदेला चाललेय. महिन्याभरानं येईन. आले की बघते.

ताई


६ डिसेंबर १९७५

ठके,

मिस्त्रींना जाऊन बारा दिवस झाले. मी तुझ्याजवळ राहायला हवं होतं. तू नको म्हणालीस, म्हणून निघाले.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला जे विचारलंस ते माझ्या कानांतून जात नाही. डॉक्टरांनी यकृतातल्या गाठीचं नाव सांगितलं, असली गाठ लाखांत एखाद्याला होते म्हणाले, आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "ताई, ते उंदरांचं काय होतं? तुला माहीत होतं का?" मी नाही म्हणाले.

तेच खरं आहे. त्या वेळी सिद्ध असं काहीच झालेलं नव्हतं. शास्त्रात माहीत असणं म्हणजे काय, ते तुला एका ओळीत कसं सांगू? संशय वेगळा, पुरावा वेगळा. तू मला दोष देतेस असं मी समजत नाही. दुःखात माणूस काहीही बोलतं.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

ताई


१४ मार्च १९७८

ठके,

माझी सहा पत्रं न उघडता परत आली. म्हणून या पाकिटावरचा पत्ता मी पोस्टातल्या कारकुनाकडून लिहून घेतला. हीसुद्धा फसवणूकच आहे. पण आत आता फसवणूक नाही.

जिन्यात मी खोटं बोलले. मला माहीत होतं.

एप्रिल १९७२ मध्ये तो अहवाल माझ्या टेबलावर आला. तीनशे उंदरांना तो वायू वर्षभर हुंगायला दिला होता. त्यांच्या यकृतात तीच गाठ होती, जिचं नाव पुढे डॉक्टरांनी तुला सांगितलं. सोबत काही कामगारांच्या हातांचे फोटो होते. बोटांची टोकं झिजलेली, नखं चपटी. फोटो बघताना मला तुझं पत्र आठवलं. अहवालाखाली एक कागद होता, यातलं काही बाहेर बोलणार नाही अशी हमी देणारा. कचेरीतले साहेब म्हणाले, पुढच्या चाचण्या होईपर्यंत, तोवर उगाच घबराट नको. मी पेन काढून सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. मला दरडावलंही नव्हतं. चहा मागवला होता.

का केली, हे स्वतःला विचारून तीन वर्षं गेली. नोकरीची भीती होती, ती थोडी. खरं कारण वेगळं होतं. त्या पद्धतीला माझं नाव होतं. ती माणसं मारते असं म्हणायला माझी जीभच वळेना. साऱ्या कचेरीबरोबर मीही मूग गिळून बसले, आणि गुपचूप आपल्या घरचा एक माणूस तेवढा बाजूला काढला. हंड्यात उतरणारे नऊ जण होते. मी एकाचं नाव दिलं.

आता पुढचं. मिस्त्रींनंतर सात महिन्यांनी त्याच टोळीतला दुसरा गेला. चौकशी समिती बसली तेव्हा मी त्या अहवालाची माझ्याकडची प्रत घेऊन गेले आणि सगळं सांगितलं, सहीसकट. मग नोकरी संपलीच. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. सध्या एका तंत्रशाळेत मुलींना शिकवते, वर एक खोली आहे.

एक गोष्ट अजून लिहायची राहिली. ती लिहायलाच मला सगळ्यात जड जातंय. नोकरी सोडण्यापूर्वी मी खरवडीच्या मागे लागले. हंड्याच्या भिंतीला आतून एक पातळ लेप द्यायचा, म्हणजे साय धरतच नाही. उरलंसुरलं झाकण न उघडता पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन निघतं. माणूस आत उतरायचंच कारण नाही. आता बऱ्याच कारखान्यांत तसंच करतात. ठके, हे शोधायला मला चार महिने लागले. फक्त चार. बारा वर्षं मी हे करू शकत होते. कुणी मागितलं नाही, म्हणून केलं नाही. वरातीमागून घोडं म्हणतात, ते हे.

क्षमा माग म्हणून मन सांगतं, पण कोणत्या तोंडानं मागू? तरी मागते.

ताई


९ जुलै १९७८

ठके,

तुझं कार्ड आलं. अडीच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. वाचायच्या आधी नुसती ते बघत बसले.

तू लिहितेस, मिस्त्रींना कळलं होतं. माझं बदलीचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते तुझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, ताई कारण लिहीत नाहीत म्हणजे कारण मोठं आहे. दोन महिन्यांनी परत हंड्यावर जाताना तू दार अडवलंस तेव्हा म्हणाले, "मला काढलं, मग बाकीच्या आठांना का नाही काढलं? त्यांची कुणाची ताई कचेरीत नाही म्हणून? मी बाहेर उभा राहून त्यांना आत जाताना बघू?" हे तू मला तेव्हा कळवलं नाहीस, कारण त्यांनी नको म्हटलं होतं.

मी मानाची गोष्ट समजले होते. कार्ड हातात घेऊन मी खाली तंत्रशाळेच्या पायरीवर जाऊन बसले. मुली येता-जाता विचारत होत्या, बाई, बरं नाही का?

खाली तू लिहिलंस: "क्षमा मला एकटीला मागू नकोस. आठ घरं आहेत. त्यांना दवाखान्याचे कागद कळत नाहीत. तुला कळतात." आणि आठ पत्ते.

मी जाऊन आले. पाच रविवार लागले. एका घरी बाईनं दार उघडून माझं नाव ऐकलं आणि शांतपणे लावून घेतलं. एका घरी म्हाताऱ्या बापानं मला तासभर बोल लावले आणि मग जेवूनच जा म्हणाला. टोळीतला सगळ्यात बारीक म्हणून ज्याला सुतळी म्हणायचे, तो आठवतो का? त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले, बोटं लहान मुलाच्या बोटांएवढी उरलीत, आणि विचारलं, "बाई, माझं पण तसंच होणार का?" मी म्हटलं, होऊ शकतं. होईलच असं नाही. तपासावं लागेल. तो म्हणाला, बरं झालं, कुणी सरळ बोललं. त्याला आणि आणखी पाच जणांना मी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. पाच जणांचं ठीक आहे. सहाव्याचं नाही. सहावा तोच. त्याला आणि त्याच्या बायकोला कागदावरचा शब्द न् शब्द उलगडून सांगितला. तिनं विचारलं तेवढ्या सगळ्याचं उत्तर दिलं.

आठ घरं झाली. नववं तुझं. तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

ताई


३ ऑगस्ट १९७८

ठके,

परतीच्या गाडीत बसून लिहितेय, अक्षर हलतंय.

तू बोलावलंस, काल मला आत घेतलंस, बसायला सांगितलंस. तू कपाटातून मिस्त्रींचे कागद काढून पुढे ठेवलेस आणि म्हणालीस, "वाच. काही गाळू नकोस." मी वाचले. कागद संपल्यावर तू विचारलंस, शेवटच्या दिवसांत त्यांना फार दुखत होतं का, मला तर ते नेहमी बरं आहे म्हणायचे. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तू उठलीस आणि चहा ठेवलास. मग मी दुसराच विषय काढला.

गाडी सुटल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं. तू काय ऐकावंस आणि काय ऐकू नयेस, हे ठरवायचं काम जन्मभर मी माझ्याकडेच घेतलं. तुझी शाळा, तुझं लग्न, तो अहवाल, आणि कालचं हे.

हो, ठके. फार दुखत होतं.

तू औषधं आणायला खाली उतरलीस की ते पलंगाची कड धरायचे. बोटांत पकड नव्हती, म्हणून मनगट अडकवून धरायचे. ओठ दाताखाली धरायचे, आवाज फुटू द्यायचे नाहीत. एकदा त्यांना रक्त चढवत होते. वर टांगलेल्या पिशवीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही पिशवी आपल्याच मालाची ना?" मी हो म्हटलं. म्हणाले, "चांगली आहे. गळत नाही." त्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. मला टोमणा चालला असता.

जिन्यात तुझी पावलं वाजली की ते हात पांघरुणाखाली घ्यायचे आणि तोंड दाराकडे करून तयार राहायचे. मला म्हणाले, "तिला दुखण्याचं सांगू नका." त्यांचा तेवढा एक शब्द मी आजवर पाळला. आज मोडला. त्यांच्यासाठी पाळत होते की तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून, ते आता मलाही सांगता येत नाही.

आणखी एक. जायच्या आदल्या दिवशी तू खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होतीस. त्यांना उशीवरून मान उचलवत नव्हती, म्हणून त्यांनी मला पलंग थोडा फिरवायला सांगितलं. मी फिरवला. ते तुझ्याकडे बघत पडून राहिले, तू उठेपर्यंत. मी त्यांना विचारलं, उठवू का तिला? त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

तुझ्याकडे अजून प्रश्न असतील. सगळे विचार.

ताई